जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बूट फ्लॉपी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या छापखान्यांतून, पीथमपूरच्या वर्कशॉपमधून आणि हल्ली कॉलेजातल्या हौशी पोरांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एका जागी घेतले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

१. बूट फ्लॉपी आणि साधी फ्लॉपी यांत फरक काय? दिसायला तर दोन्ही सारख्याच.

बूट होणं म्हणजे मशीनने त्या डिस्कवरून सुरू होणं. फरक पहिल्या सेक्टरमध्ये (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा लहानसा कप्पा) आणि त्याच्यामागे असलेल्या फाइलींमध्ये. मशीन सुरू झालं की बायॉस (मदरबोर्डवरच असलेला सुरुवातीचा प्रोग्राम) ए: ड्राइव्हमधल्या फ्लॉपीचा पहिला, ५१२ बाइटांचा सेक्टर मेमरीत घेतो आणि ताबा त्याच्याकडे देतो. डॉसच्या बूट फ्लॉपीत हा सेक्टर आयओ.सिस शोधतो, पुढे एमएसडॉस.सिस आणि कमांड.कॉम येतात, मग ए: प्रॉम्प्ट दिसतो. साध्या फ्लॉपीतही त्या जागी एक चिमुकला प्रोग्राम असतोच. 'नॉन-सिस्टिम डिस्क' हा निरोप तोच पडद्यावर टाकतो. म्हणजे साधी फ्लॉपीसुद्धा क्षणभर बूट होतेच. हे लक्षात ठेवा, प्र. १४ मध्ये कामाला येईल.

२. आजच्या काळात हे करायची गरज कुणाला? पेन ड्राइव्हने भागत नाही का?

भागत असेल तर पेन ड्राइव्हच वापरा, फ्लॉपीचा सोस नको. पण ४८६ मशीनला यूएसबी नसतंच, आणि पेन्टियम टूच्या काळातल्या मशीनला ते असलं तरी त्यावरून बूट होत नाही. सीडीवरून बूट होण्याची रीत १९९५ मध्ये ठरली. त्याआधीच्या बायॉसला सीडीचा उपयोग बूटसाठी शून्य.

आपल्याकडे गिऱ्हाईक तीन प्रकारचं. पहिले छापखानेवाले. विंडोज ९८ वर श्रीलिपी (देवनागरी टायपिंगचं सॉफ्टवेअर), ते चालण्यासाठी प्रिंटर पोर्टला लावलेला लॉक, आणि हार्ड डिस्कवर वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका नि गणेशोत्सवाच्या स्मरणिका. फाइली जुन्या फाँटमध्ये असल्यामुळे नव्या मशीनवर उघडल्या की नुसती गिचमीड दिसते. दुसरे सियागंजातल्या पेढ्या, ज्यांचे जुने हिशेब डॉसवर आहेत. तिसरे सांवेर रोड आणि पीथमपूरचे कारखानदार: मशीन उत्तम, त्याला जोडलेला संगणक मात्र म्हातारा. चौथा प्रकार हौशी लोकांचा, पण त्यांना कारण लागत नाही.

३. कोणत्या सिस्टिमला किती फ्लॉप्या लागतात?

एमएस-डॉस ६.२२ (१९९४) ला तीन, त्यातली पहिली बूट होते. ती थेट सेटअप सुरू करते. नुसता प्रॉम्प्ट हवा असेल तर एफ३ दाबून बाहेर पडा. विंडोज ९५ फ्लॉप्यांवर आलं तेव्हा १३ होत्या. सीडीवरून टाकायचं असेल तर एकच, कारण ९५ ची विकत मिळणारी सीडी स्वतः बूट होत नाही. विंडोज ९८ लाही एकच स्टार्टअप डिस्क.

विंडोज एनटी ४ ला तीन. त्या सीडीवरच्या विनएनटी३२ /ओएक्स या कमांडने बनतात, आणि तो प्रोग्राम आधी तिसरी फ्लॉपी मागतो, मग दुसरी, मग पहिली. लेबलं आधीच चिकटवून ठेवलीत तर इथेच घोळ होतो. विंडोज २००० ला चार. सीडीवर बूटडिस्क नावाचं फोल्डर आहे, त्यातला मेकबूट चालवा. एक्सपीला सहा, पण त्या सीडीवर नाहीत. मायक्रोसॉफ्टने त्या वेगळ्या दिल्या होत्या, होमच्या निराळ्या आणि प्रोफेशनलच्या निराळ्या; अदलाबदल चालत नाही. लिनक्ससाठी प्र. १२ पाहा.

४. बूट डिस्कची इमेज मिळाली, फ्लॉपीवर कॉपी केली, तरी मशीन बूट होत नाही. इमेज खराब आहे का?

बहुतेक वेळा इमेज ठणठणीत असते. जेवढे प्रश्न येतात त्यातले निम्मे शेवटी इथेच येऊन थांबतात, म्हणून जरा सविस्तर.

१.४४ एमबीच्या फ्लॉपीला दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकमध्ये १८ सेक्टर. एकूण २,८८० सेक्टर, म्हणजे १४,७४,५६० बाइट. इमेज म्हणजे हे सगळे सेक्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने उतरवून घेतलेली नक्कल. ती फ्लॉपीवर ठेवायची नसते, फ्लॉपीवर अंथरायची असते. एक्सप्लोररमधून ओढून टाकलीत तर ती एक मुकी फाइल होऊन बसते, आणि पहिला सेक्टर होता तसाच राहतो.

खरं तर पूर्ण आकाराची इमेज कॉपी होऊच शकत नाही. फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीवर फाइलींसाठी १४,५७,६६४ बाइटच उरतात. बाकीची जागा बूट सेक्टर (तो पहिला सेक्टर), फॅट (कोणती फाइल कुठल्या सेक्टरांत आहे त्याची नोंद) आणि रूट डिरेक्टरी (फाइलींची यादी) घेते. त्यामुळे 'जागा अपुरी' असा निरोप येतो. तिथेच थांबून विचार करायचा, तर लोक इमेज झिप करून फ्लॉपीवर बसवतात आणि मग विचारतात की बूट का होत नाही.

लिहायची रीत अशी. विंडोजवर विनइमेज किंवा रॉराइटची विंडोज आवृत्ती. डॉसवर मूळ रॉराइट. लिनक्सवर: डीडी आयएफ=बूट.आयएमजी ओएफ=/डेव्ह/एफडी०. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह असेल तर त्याचं नाव एफडी० नसतं, एसडीबी किंवा एसडीसी असं काहीतरी असतं. आधी एलएसबीएलके चालवून १.४ एमबीचं उपकरण कोणतं ते बघा. डीडी काही विचारत नाही. चुकीचं अक्षर दिलंत तर हार्ड डिस्कवरून वरवंटा फिरतो.

लिहून झाल्यावर फ्लॉपी उलट वाचून दुसरी इमेज बनवा आणि मूळ इमेजशी ताडून पाहा (डॉसवर एफसी /बी, लिनक्सवर सीएमपी). तंतोतंत जुळली तरच लेबल लावा.

५. इमेज नाही, पण डॉसचं एक चालू मशीन आहे. त्यावरून बनेल?

बनेल. फॉरमॅट ए: /एस ही कमांड फ्लॉपी साफ करून वर सिस्टिम टाकते. आधीच फॉरमॅट असेल तर सिस ए: पुरे. आयओ.सिस वगैरे फाइली हाताने कॉपी करून मात्र फ्लॉपी बूट होत नाही, कारण बूट सेक्टर कॉपी कमांडच्या हाती लागत नाही. विंडोज ९८ मध्ये कंट्रोल पॅनेलमधल्या ॲड/रिमूव्ह प्रोग्राम्समध्ये स्टार्टअप डिस्कचा टॅब आहे. एक्सपीमध्ये फॉरमॅटच्या खिडकीत एमएस-डॉस स्टार्टअप डिस्कचा चौकोन मिळतो, पण त्या फ्लॉपीत सीडीचा ड्रायव्हर नसतो, तेव्हा सीडीवरून काही टाकायचं असेल तर ती अपुरी.

शिवाय त्याच फ्लॉपीवर एफडिस्क (हार्ड डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडणारा प्रोग्राम), फॉरमॅट, सिस आणि एडिट घाला. एडिट नसलं की एक ओळ बदलायला दुसरं मशीन शोधत फिरावं लागतं. डॉस ६.२२ असेल तर क्यूबेसिकही घाला, तिथलं एडिट त्याच्याशिवाय उघडत नाही.

६. स्वतःच्या बूट फ्लॉपीत सीडी कशी चालू करायची?

दोन फाइली लागतात: ड्रायव्हर (आयडीई सीडीला बहुतेक ठिकाणी ओकसीडीरॉम.सिस चालतो) आणि एमएससीडीईएक्स.ईएक्सई. कॉन्फिग.सिसमध्ये लिहा: डिव्हाइस=ओकसीडीरॉम.सिस /डी:एमएससीडी००१, आणि पुढच्या ओळीत लास्टड्राइव्ह=झेड (नाहीतर आर: हे अक्षर मिळत नाही). ऑटोएक्झेक.बॅटमध्ये लिहा: एमएससीडीईएक्स /डी:एमएससीडी००१ /एल:आर. दोन्हीकडचं नाव अक्षरशः तेच हवं. /एल:आर मुळे सीडी नेहमी आर: वर येते आणि प्र. ७ मधला गोंधळ टळतो. साउंड कार्डाला जोडलेल्या फार जुन्या सीडी ड्राइव्हला त्या कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. ओकसीडीरॉम तिथे गप्प बसतो.

७. विंडोज ९८ च्या फ्लॉपीने सुरू केलं, पण डी: वर सीडी नाहीच. भलत्याच फाइली दिसतात.

ती रॅम ड्राइव्ह आहे. ही फ्लॉपी सुरू होताना मेमरीत एक लहानसा ड्राइव्ह बनवते आणि ईबीडी.कॅबमध्ये दाबून भरलेली हत्यारं त्यात उलगडते. तो ड्राइव्ह हार्ड डिस्कच्या पुढचं अक्षर घेतो, त्यामुळे सीडी एक घर पुढे सरकते. ई: करून पाहा.

८. इंदूरमध्ये कोऱ्या फ्लॉप्या मिळतात का?

नव्या बनलेल्या, नाही. सोनीने जपानमधली विक्री मार्च २०११ मध्ये थांबवली, बाकीच्यांनीही गाशा गुंडाळला. आता जे मिळतं तो जुना साठा. जेल रोडवर किंवा सिल्व्हर मॉलमध्ये नव्या पोराला विचारलंत तर तो तुमच्याकडे बघत राहील. गल्ल्यावर बसलेल्या वडीलधाऱ्यांना विचारा, माळ्यावर एखादा डबा निघतो. त्यापेक्षा कबाडीवाल्यांकडे आणि बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासांमध्ये जास्त नशीब लागतं.

सीलबंद डबा म्हणजे चांगला माल, असं मुळीच नाही. शेवटच्या वर्षांतला स्वस्त माल बऱ्याचदा रद्दी होता, आणि १९९० च्या सुमाराच्या वापरलेल्या फ्लॉप्या अजून खणखणीत चालतात. प्रत्येक फ्लॉपी पूर्ण फॉरमॅट करून घ्या (फॉरमॅट ए: /यू; क्विक फॉरमॅट काहीच तपासत नाही). एकही बॅड सेक्टर निघाला तर बूटसाठी ती बाद. डॉस बॅड सेक्टरवर खूण करून त्याला वळसा घालतो, पण इमेज लिहिणारा प्रोग्राम सेक्टरच्या क्रमाने जातो, त्याला वळसा माहीत नाही.

९. आत पांढरे ठिपके दिसतात. पुसून चालेल?

बुरशी आहे. माळव्यातला उन्हाळा फ्लॉपीला तितकासा मारत नाही, मारतो तो पावसाळा आणि बंद लोखंडी कपाट. बघायची रीत: पत्र्याची झडप बोटाने सरकवा, मागच्या धातूच्या चकतीला धरून तबकडी हळूहळू फिरवा आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात पृष्ठभाग पाहा. चांगली तबकडी एकसारखी काळपट तपकिरी चमकते. करडे-पांढरे डाग दिसले, किंवा गोल रेघ उमटलेली दिसली, तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. बुरशी हेडला (ड्राइव्हचा वाचणारा-लिहिणारा भाग) चिकटते आणि तोच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडे काढतो. एका फ्लॉपीपायी अख्खा डबा गेलेला पाहिला आहे.

आत मोलाचा डेटा असेल तरच आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, एकदा वाचून इमेज काढा आणि ती फ्लॉपी निवृत्त करा. नंतर हेडही त्याच अल्कोहोलने पुसा.

१०. घरच्या मशीनवर बनवलेली फ्लॉपी कारखान्यातल्या मशीनवर वाचत नाही.

दोन ड्राइव्हांचे हेड एका रेषेत नाहीत. जुन्या ड्राइव्हचा हेड हळूहळू ट्रॅकच्या मध्यापासून सरकतो. स्वतः लिहिलेलं तो स्वतः वाचतो, दुसऱ्याचं वाचत नाही. आधी दोन्हीकडचे हेड साफ करा. तरी नाही वाचलं तर जिथे फ्लॉपी वापरायची त्या मशीनचा ड्राइव्ह काढून आणा आणि त्यावरच लिहा. ड्राइव्ह परत लावताना ३४ तारांच्या पट्टीला जिथे पीळ आहे, त्याच्या पलीकडचा जोड ए: चा असतो. दिवा सतत पेटलेला राहिला तर पट्टी उलटी बसली आहे.

मशीन फार जुनं, ७२० केबीच्या ड्राइव्हचं असेल तर कारण वेगळं आहे, प्र. ११ पाहा.

११. फ्लॉपीच्या दोन कोपऱ्यांत दोन भोकं का असतात?

सरकत्या पट्टीचं भोक राइट-प्रोटेक्टचं: उघडं असेल तर लिहिता येत नाही. दुसरं, पट्टी नसलेलं, हाय डेन्सिटीची ओळख. ते नसेल तर फ्लॉपी ७२० केबीची. भोक पाडून ७२० ची १.४४ करण्याचा उद्योग एके काळी फार चालायचा. करू नका, दोन्हींचा चुंबकीय थर वेगळा असतो. उलट बाजूने, १.४४ च्या भोकावर चिकटपट्टी लावून ७२० केबीला फॉरमॅट करता येते. त्यावर एकदा इन्स्टॉल करण्यापुरतं काम भागतं, जपून ठेवण्याचा भरवसा नाही.

सव्वापाच इंची फ्लॉपीत अजून एक मेख आहे. १.२ एमबीच्या ड्राइव्हचा हेड अरुंद असतो. त्याने आधी वापरलेल्या ३६० केबीच्या फ्लॉपीवर लिहिलं, तर जुन्या रुंद ट्रॅकचा काठ शिल्लक राहतो आणि ३६० चा ड्राइव्ह दोन्ही मिसळून वाचतो. कोरी फ्लॉपी घ्या किंवा ३६० च्या ड्राइव्हवरच लिहा.

१२. लिनक्सच्या बूट फ्लॉपीचं काय?

जुन्या स्लॅकवेअर आणि डेबियनला जोडी लागते: एकीत कर्नल (सिस्टिमचा गाभा), दुसरीत रूट (बाकीच्या मूळ फाइली). रेड हॅटला बूट.आयएमजी, नेटवर्कवरून टाकायचं तर बूटनेट.आयएमजी. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या लिनक्सच्या सीडी अजून बऱ्याच घरांत आहेत. रेड हॅटच्या सीडीत डॉसयूटिल्स फोल्डरमध्ये रॉराइट असतो आणि इमेजेस फोल्डरमध्ये इमेज. लिहायची रीत प्र. ४ चीच.

कर्नल २.६ पासून एक बदल झाला. त्याआधी नुसता कर्नल फ्लॉपीवर अंथरला तरी बूट व्हायचा, २.६ मध्ये ती सोय काढली, आता सिसलिनक्ससारखा लोडर लागतो.

१३. विंडोज ९५ ची पहिली फ्लॉपी वाचली, दुसरीपासून एरर. यूएसबी ड्राइव्ह खराब निघाला का?

ड्राइव्ह चांगला आहे, फ्लॉपी वेगळी आहे. पहिली साधी १.४४ ची, बाकीच्या डीएमएफ पद्धतीच्या: ट्रॅकमध्ये १८ ऐवजी २१ सेक्टर, एकूण १७,२०,३२० बाइट. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह सहसा १.४४ आणि ७२० एवढंच जाणतात. मदरबोर्डच्या ३४ पिनांच्या जोडाला लावलेला ड्राइव्ह घ्या. विनइमेज तिथे डीएमएफ वाचतो आणि लिहितो. ओएस/२ वॉर्पच्या फ्लॉप्या एक्सडीएफ पद्धतीच्या, त्याहून दाट, १.८४ एमबीच्या. त्यांना एक्सडीएफकॉपी हा त्यांचाच प्रोग्राम लागतो.

१४. जुन्या फ्लॉपीत व्हायरस असतील? फाइल तर एकही उघडली नाही.

असतील, आणि उघडायची गरजही नाही. बूट सेक्टर व्हायरस पहिल्या सेक्टरमध्येच राहतो. १९८६ चा ब्रेन, लाहोरमध्ये लिहिलेला, याच जातीचा. डेटाची फ्लॉपी ए: मध्ये विसरून मशीन सुरू केलं, 'नॉन-सिस्टिम डिस्क' वाचून फ्लॉपी काढली, एवढ्यात व्हायरस हार्ड डिस्कवर गेलेला असतो. म्हणून बूट फ्लॉपी बनवून झाली की पट्टी सरकवून भोक उघडं करा, कायमचं.

हार्ड डिस्कला लागण झाली असेल तर जुना उपाय एफडिस्क /एमबीआर. पण आंधळेपणाने चालवू नका. मंकी नावाचा व्हायरस मूळ पार्टिशन टेबल गुंडाळून लपवतो. साफ फ्लॉपीने बूट केल्यावर सी: दिसतच नाही, आणि अशा वेळी एफडिस्क /एमबीआर चालवलं तर तो परत दिसण्याची वाट बंद होते. साफ फ्लॉपीवरून सी: नीट दिसत असेल, तरच पुढे जा.

१५. बूट झालं, पण एफडिस्क ८० जीबीची डिस्क फारच लहान दाखवतं.

विंडोज ९८ चं मूळ एफडिस्क ६४ जीबीच्या वर मोजायला चुकतं आणि त्यापुढचं तेवढं दाखवतं. मायक्रोसॉफ्टने त्याची सुधारित फाइल दिली होती, ती फ्लॉपीवर टाका; नाहीतर फ्रीडॉसचं एफडिस्क वापरा. डॉस ६.२२ ची मर्यादा आणखी खाली: एक पार्टिशन २ जीबीचं, सगळी मिळून ८ जीबीपर्यंत. त्याला मोठी डिस्क लावण्यात अर्थ नाही.

१६. गोटेक लावला तर फ्लॉपीची कटकट संपेल का?

बरीचशी. गोटेक फ्लॉपी ड्राइव्हच्याच जागी, त्याच पट्टीला बसतो आणि पेन ड्राइव्हवरच्या इमेज फ्लॉपी म्हणून पुढे करतो. बटण दाबून पुढची निवडायची. मशीनला फरक कळत नाही. रोज फ्लॉपी घालणाऱ्या कारखान्यातल्या मशीनसाठी माझं मत सरळ आहे: गोटेकच लावा. गोटेकमधलं मूळ फर्मवेअर (आतला प्रोग्राम) पेन ड्राइव्हचे विचित्र तुकडे करतं, त्यासाठी त्यांचाच प्रोग्राम लागतो. फ्लॅशफ्लॉपी हे मुक्त फर्मवेअर चढवलंत तर साध्या फॅट३२ पेन ड्राइव्हवर इमेज नेहमीसारख्या कॉपी करता येतात. हो, इथे कॉपीच करायच्या, प्र. ४ चा नियम गोटेकला लागू नाही.

१७. डॉस फुकट वापरता येतं का?

एमएस-डॉस ६.२२ आणि विंडोजला परवाना लागतो, कितीही जुनी झाली तरी. एमएस-डॉस ४.०० चा सोर्स कोड मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२४ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुला केला. नुसतं बूट करून डिस्क तयार करायची असेल, बायॉस अपडेट करायचा असेल तर फ्रीडॉस घ्या. ते मुक्त आहे आणि १.३ आवृत्तीत फ्लॉपीचा वेगळा संच मिळतो.

१८. जुन्या मॅकच्या किंवा अमिगाच्या फ्लॉप्या पीसीवर बनतील?

मॅकच्या १.४४ एमबीच्या बनतात, प्र. ४ प्रमाणे. मॅकच्या ४०० आणि ८०० केबीच्या, तसंच अमिगाच्या ८८० केबीच्या, साध्या पीसीच्या फ्लॉपी कंट्रोलरने बनत नाहीत. त्यांची लिहिण्याची पद्धतच निराळी. ग्रीझवीझलसारखा बोर्ड घेऊन त्याला साधा पीसी ड्राइव्ह जोडला तर त्याही लिहिता येतात.